मागच्या चाकाचं तेल

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. पाया पडलो असं समजा, कारण या खोलीत वाकायला जागा नाही. एका भिंतीला खाट, दुसऱ्या भिंतीला घड्याळं दुरुस्त करायचं टेबल, आणि मध्ये मी. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय.

आधी कबूल करतो. फिरायला जातो म्हणून तुमची मोटारसायकल मागितली आणि आलो बाबांकडे. तुम्ही गेली नऊ वर्षं त्यांचं नाव काढू देत नाही, मग सांगणार कसं? इथल्या नर्सबाईंचं पत्र आलं होतं. बाबांचा एक डोळा गेल्या वर्षीच गेला. दुसऱ्यात मोतीबिंदू इतका पिकलाय की डोळ्यात दाब वाढत चाललाय. त्यांना दिव्याची ज्योत दिसते, वात दिसत नाही. नर्सबाई म्हणतात, हे ऑपरेशन कुठेही होत नाही. तुमच्या शहराच्या मोठ्या दवाखान्यात दर वर्षी एक सर्जन येतो, यंदा तो बारा मार्चपर्यंत आहे. तो गेला की नंतर कोणी कितीही कापाकापी केली तरी उजेड परत येणार नाही.

इकडचा पूल पडल्यापासून बस नाही, डिझेल नाही, सगळी वाहनं जागच्या जागी उभी. नदीवर पायी जाण्यापुरता झुलता पूल आहे. त्यावरून गाडी चौघांनी ढकलून आणली, एकाने मध्येच थांबून खाली किती पाणी आहे ते बघितलं, मग बाकीच्यांनीही बघितलं. असो. पेट्रोल मी दोन कॅन आणलंय, परत जायला पुरेल. नदीपर्यंत एकशे चाळीस किलोमीटर. नदी ओलांडली की पलीकडे बस आहे. म्हणजे फक्त गाडी चालली पाहिजे.

आणि गाडीचं मागचं चाक ओलं झालंय. शेवटच्या चाळीस किलोमीटरमध्ये रबरी सील फाटलं आणि चाकाच्या पोटातल्या डब्यातलं तेल सगळं टायरवर आलं. आत चमचाभर उरलं असेल. तुम्ही दिलेला तेलाचा जादा डबा वाटेत जत्रेतल्या एका पाळणेवाल्याला दिला. त्याचा पाळणा अडकून दोन पोरं वर लटकत होती, मग काय करणार?

इथे सामानाचं एकच दुकान आहे. दुकानदार म्हणाला, मोटारसायकलच्या चेनला ग्रीस देऊ का? मी म्हटलं, हिला चेनच नाही, इंजिनपासून मागच्या चाकापर्यंत आतून दांडा जातो, आणि चाकाच्या पोटात दोन दातेरी चाकं एकमेकांना फिरवतात, त्यांचं तेल हवंय. तो म्हणाला, मग ही मोटारसायकल नाही.

कुठलं तेल घालू? पाव लिटरच लागतं ना? लवकर कळवा.

तुमचा,
नाक्या

---

९ फेब्रुवारी

नाक्या,

आशीर्वाद. फिरायला जाणारा माणूस दोन कॅन पेट्रोल बांधून नेत नाही, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पाळण्याला ग्रीस लागतं, तेल नाही. ते तासाभरात गळून गेलं असेल.

तुझ्या बापाबद्दल मी काही लिहिणार नाही. आजारी ताईला इकडच्या दवाखान्यात आणायला त्याने उशीर केला, 'बघू, पुढच्या आठवड्यात बघू' करत राहिला, आणि पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. आता त्याच्या डोळ्याच्या बाबतीत तू तसं करू नकोस, एवढंच.

आता नीट वाच. इंजिनचं तेल घालायचं नाही. ब्रेकचं नाही. दोन तेलं मिसळून तिसरं करायचं नाही, तुझा तो स्वभाव आहे. त्या डब्यातले दाते नुसते एकमेकांवरून फिरत नाहीत, फिरता फिरता घासत सरकतात. साधं तेल त्यांच्यामधून पिळून बाहेर जातं आणि लोखंड लोखंडाला लागतं. त्यासाठी नव्वद नंबरचं दाट गिअर तेल येतं, त्यात गंधकाचं औषध असतं. तेच हवं. तिथे नवीन मिळणार नाही. पण ट्रकच्या मागच्या एक्सलमध्ये हेच तेल असतं. उभे ट्रक असतीलच. एखाद्या ड्रायव्हरच्या हातापाया पड आणि पाव लिटर काढून घे. जुनं असलं तरी चालेल.

मी इथून पाठवायला गेलो होतो. पोस्टातल्या कारकुनाने पार्सल नाकाजवळ नेलं आणि टेबलाच्या पार टोकाला ढकललं. सील मात्र कागदाच्या पाकिटात मावेल. गाडीच्या मापाचं शोधतोय, पुढच्या पत्रात घालतो. ते येईपर्यंत गाडी हलवू नकोस.

मामा

---

१५ फेब्रुवारी

मामा,

दोन बाटल्या मिळाल्यात.

पहिली दुकानदाराची. तो म्हणाला होता ना ही मोटारसायकल नाही, तोच दुसऱ्या दिवशी स्वतः शोधत आला. गोदामाच्या माळ्यावर एका पत्र्याच्या डब्यात मिळालं म्हणे, डब्यावरचा कागद उंदरांनी खाल्लाय, पण त्याच्या बापाच्या वेळेपासून त्याला गिअर तेलच म्हणतात. सोनेरी, स्वच्छ, आरपार दिसतं.

दुसरी ट्रकवाल्याची. पूल पडल्यापासून तो ट्रकखालीच झोपतो, ट्रक सोडून जायला तयार नाही. मिशी एवढी की बोलताना फक्त मिशी हलते. दोन दिवस माझ्याशी नुसता पत्ते खेळला, तिसऱ्या दिवशी म्हणाला, काढ. एक्सलचा बोल्ट सुटेना, शेवटी दोघांनी पान्यावर उभं राहून सोडवला. तेल मात्र काळं, घाणेरडं. त्याला विचारलं, हे नव्वद नंबरचं आहे ना? तो म्हणाला, गेल्या वेळी कोणी काय भरलं ते देवाला माहीत, मी तेव्हा जेवत होतो.

मला वाटतं सोनेरी घालावं. तुम्हाला काय वाटतं? दोन्ही सारखीच दाट दिसतात. काचेवर ओघळवून बघितली.

बाबा आता टेबलाशी बसत नाहीत. गिऱ्हाइकं घड्याळं परत घेऊन जातात आणि ते कुणाचं कुठलं ते बोटांनी चाचपून देतात. एकदाही चुकले नाहीत. काल मला म्हणाले, तुझ्या मामाला त्रास देऊ नकोस, बारा तारीख गेली तर गेली. मी चहा करायला उठलो. चहा आधीच झालेला होता.

सील पाठवा. आणि कुठली बाटली ते लिहा.

नाक्या

---

२० फेब्रुवारी

नाक्या,

तू मला रंग का सांगतोयस?

रंगावर भरवसा ठेवला असता तर मी कधीच दुकान बंद केलं असतं. माझ्याकडे एकाही डब्यावरचं नाव खरं नाही, तुला माहीत आहे. रिकामा डबा मिळेल त्यात मिळेल ते तेल ओततो आणि वासाने ओळखतो. हेच तुला शिकवलं. चार फडकी चार तेलांत बुडवून तुझे डोळे बांधले तर तू चारही सांगायचास, गिऱ्हाइकं तमाशा बघायला काम झालं तरी थांबायची. उगाच नाव पडलं का तुझं? आणि आता हातात दोन बाटल्या असताना मला चार दिवसांच्या अंतरावरून विचारतोयस, कुठली?

बूच उघड आणि वास घे. गंधकाचं तेल सडक्या अंड्यासारखं, विझलेल्या काडीसारखं घाण मारतं. बोटाला लागलं तर दोन दिवस जेवताना आठवण येते. ज्याला तो वास आहे ते घाल. दोन्हींना नसेल तर दोन्ही फेकून दे आणि दुसरा ट्रक शोध. काळं असलं तर असू दे. मीही काळा आहे.

सील सोबत आहे. बसवताना त्याच्या आतल्या कडेला, ओठाला, थोडं तेल लाव, कोरडं ठोकलंस तर पुन्हा फाटेल. चालवताना मधून मधून थांबून चाकाच्या डब्याला हात लाव. हात ठेवता आला तर ठीक. झटकून घ्यावा लागला तर थांब आणि पुढे जाऊ नकोस.

दिवस मोज. वीस तारीख झाली.

मामा

---

२५ फेब्रुवारी

मामा,

सील मिळालं, ओठाला तेल लावून बसवलं.

वास घेतला. सडक्या अंड्यासारखा, विझलेल्या काडीसारखा, तुम्ही लिहिलाय तसाच. तेच तेल भरलं. दुसरी बाटली दुकानाच्या फळीवर ठेवून आलो.

चाक हाताने फिरवून बघितलं, छान फिरतं. परवा सकाळी निघतो. बाबांना माझ्या कमरेला पट्ट्याने बांधणार आहे. ते म्हणतात, बैल बांधतोयस का? पण हसले. बऱ्याच दिवसांनी.

घाई आहे, जास्त लिहीत नाही.

नाक्या

---

२ मार्च

मामा,

हे पत्र तुम्हाला बाबांच्या हातून मिळेल. त्यांना ते वाचता येत नाही, पण यात काय आहे ते त्यांना माहीत आहे. माहीत नाही ते फक्त तुम्हाला.

मी रस्त्याच्या मजुरांच्या वस्तीत आहे. पत्र्याच्या सहा खोल्या, एक नळ, डांबराची पिंपं. नदी इथून ऐंशी किलोमीटर पुढे. डावा पाय घोट्यात मोडलाय. इथल्या मुकादमाने फावड्याच्या दांड्याचे तुकडे करून बांधून दिलाय, तो म्हणतो त्याने याआधी एका खेचराचा असाच बांधला होता. खेचर चालतं का विचारलं, तर विषय बदलला.

मामा, मी खोटं लिहिलं. मी वास घेतलाच नाही. म्हणजे घेतला, पण आला नाही. मला कशाचाच वास येत नाही. गेल्या वर्षी भटकत असताना तापाने बारा दिवस पडलो होतो, तेव्हापासून. आधी वाटलं सर्दी आहे, जाईल. मग कळलं की ती नाही, नाकच गेलंय. घासलेट, फुलं, जळलेलं दूध, सगळं सारखं. मी परत आलो तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, माझं दुकान आता हा नाक्या चालवणार, मला ऐकू येत नाही पण याला येतो ना वास. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार होतो? दुकानात डबे उचलताना मी वजन बघायचो, घट्टपणा बघायचो, आणि नाक वर करून तुमच्याकडे बघून मान हलवायचो. तीन महिने तसंच चाललं. तुम्हाला कळलं नाही याचं मला आतून हसू यायचं आणि नंतर रडू.

मी सोनेरी तेल घातलं, कारण ते स्वच्छ होतं.

आणि ऐका, सगळ्यात वाईट हे आहे. तेल भरायच्या आदल्या दिवशी मी दोन्ही बाटल्या खिडकीत ठेवून बघत बसलो होतो. बाबा खाटेवरून म्हणाले, काय बघतोस एवढं, आण इकडे, मी बघतो. मी म्हटलं, तुम्हाला दिसत नाही, तुम्ही काय बघणार? त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मी असं बोललो, मामा. बापाला.

पहिले वीस किलोमीटर ठीक होतं. मग चाकातून आवाज यायला लागला, आधी डास गुणगुणल्यासारखा, मग गिरणीसारखा. हात लावला, झटकून घ्यावा लागला. तुम्ही थांब म्हणाला होतात. थंड होऊ दिलं आणि पुढे गेलो. पुन्हा थंड केलं, पुन्हा गेलो. थांबून करणार काय होतो? मागे राहिलेल्या काळ्या तेलाची खात्री नव्हती, पुढे तारीख होती. चढ संपला आणि उतारावर चाक जागच्या जागी आवळलं. गाडी आडवी झाली. पट्टा तुटला म्हणून बाबा बाजूच्या मातीत पडले, नाहीतर माझ्याबरोबर तेही गाडीखाली आले असते. त्यांचं कोपर खरचटलंय, बाकी काही नाही. ते रांगत, मातीत हात फिरवत, माझं नाव घेत माझ्यापर्यंत आले.

मजुरांनी आम्हाला आणि गाडीला इथे आणलं. बाबांनी मुकादमाला डब्याचा खालचा बोल्ट काढायला लावला. बशीत जे पडलं ते त्यांनी बोटांत धरलं. लोखंड पिठासारखं नाही, मामा, कणी आहे, मोठी मोठी कणी. मग त्यांनी बोट नाकाजवळ नेलं आणि म्हणाले, हे तर इंजिनचं तेल आहे, याला गंधकाचा वासच नाही. घड्याळवाला माणूस, तेल शिळं झालं की वासाने ओळखतो. पन्नास वर्षं ओळखतोय. माझ्यासमोर चार हातांच्या अंतरावर बसलेला होता आणि मी त्याला विचारलं नाही.

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ ती कणी चोळत राहिले. मग म्हणाले, एवढंच होतं तर आधी बोलायचंस, माझं नाक कुठे गेलंय?

इथून रोज टपालाची पिशवी पायी जाते. सोळा-सतरा किलोमीटरवर माणूस बदलतो, अशी पाच माणसं नदीपर्यंत. बाबा त्यांच्याबरोबर निघालेत. पिशवीचा पट्टा धरून चालायचं असं ठरलंय. पहिला माणूस म्हणाला, म्हातारबा, मी थांबणार नाही बरं का, पिशवीला वेळ असतो. बाबा म्हणाले, मी आयुष्यभर वेळच सांभाळला. पण नदीपर्यंत पाच दिवस, पुढे बस, आणि त्यांना पायाखालचा दगड दिसत नाही. मी येऊ शकत नाही. मी इथे पत्र्याखाली पडून दिवस मोजणार.

तुम्ही त्यांना घरात घेतलं नाहीत तरी चालेल. फक्त दवाखान्याच्या दारापर्यंत न्या. बारा तारखेच्या आत. मी तुमच्याकडे यापुढे काही मागणार नाही, दुकानही नाही.

नाक्या म्हणू नका आता.

तुमचा भाचा

---

१७ मार्च

बाळा,

नऊ तारखेला दुपारी मी एका गाडीखाली होतो. कोणीतरी माझ्या पायाला हात लावला. बाहेर सरकलो तर दाजी. चपला फाटलेल्या, कोपर बांधलेलं, हातात तुझं पत्र. ते उंबऱ्याच्या दिशेने बघत होते, मी होतो उजवीकडे.

तुला वाटत असेल आम्ही काय बोललो. मला बोलता येतं, ऐकू येत नाही. त्यांना ऐकू येतं, पण गिऱ्हाइकं माझ्यासाठी लिहितात त्या पाटीवर लिहिता येईल इतकं दिसत नाही. मी ओरडून म्हटलं, बसा. ते बसले नाहीत. माझा हात चाचपला, तेलकट होता, तसाच उलटा केला आणि तळव्यावर बोटाने एक एक अक्षर काढलं. नऊ वर्षांनी पहिलं काय लिहिलं असेल? 'उशीर झाला का.'

मी नाही म्हटलं. जरा जास्तच जोरात म्हटलं असेन, कारण समोरचा सलूनवाला वस्तरा घेऊन बाहेर आला.

तुझं पत्र मी दवाखान्यात बाकावर वाचलं. सर्जनकडे त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जागाच नव्हती. मी दाराशी बसून राहिलो. मला ऐकू येत नाही याचा एक फायदा आहे, 'उठा इथून' हे ऐकू येत नाही. अकरा तारखेला दुपारी त्यांना आत घेतलं. बाहेर आल्यावर डॉक्टर बरंच काही बोलला, मला फक्त त्याने खांदे उडवलेले दिसले. पुढे पाच दिवस पट्टी. ते माझ्याकडेच आहेत. त्यांनी ताईचं नाव माझ्या तळव्यावर एकदा लिहिलं, मग ते पुसतात तसा हात फिरवला. मी ताटं वाढली. आम्ही जेवलो.

आता तुझं.

खोटं लिहिलंस हे वाईट केलंस. माणूस मेला असता. दोन माणसं. ते मी तुला समोर आल्यावर बोलणार आहे, कागदावर मावणार नाही. पाय बरा होऊ दे आधी. गाडी तिथेच झाकून ठेव. आतली दातेरी चाकं मी एका भंगारातल्या गाडीतून काढली आहेत, नदीपलीकडे तुमच्या बाजूला जाणारं कोणी विश्वासाचं भेटलं की पाठवतो.

दुकान मागणार नाही असं लिहिलंयस. दुकान मागायचं नसतं, उघडायचं असतं, सकाळी आठला. मी पंचवीस वर्षं इंजिनाचा आवाज न ऐकता इंजिनं दुरुस्त करतोय. स्क्रूड्रायव्हर इंजिनच्या ठोकळ्याला लावायचा आणि दांडा दाताखाली धरायचा, मग कवटीत कळतं. ते मला कोणी शिकवलं नाही. कान गेले तेव्हा मीही सात महिने कोणाला सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या ओठांकडे बघून मान हलवायचो. तुझी आई तेवढी ओळखून होती.

तुझं पत्र वाचल्यापासून मी विचार करत होतो, नाकाशिवाय ते तेल ओळखायचं कसं? बोटांत चोळून बघितलं, नाही कळत. कागदावर डाग पाडून बघितले, नाही. वातीला लावून जाळलं, दोन्ही सारखीच जळतात. मग विचार केला, गंधक आहे तर ते तांब्याला सोडणार नाही. वायरमधली तार काढली, पॉलिश पेपरने घासून लख्ख केली, दोन तुकडे केले. दोन डब्यांत दोन तेलं, मंद स्टोव्हवर. तेल गरम हवं, धूर येता कामा नये. सकाळी बुडवली, जेवणानंतर काढली. इंजिनच्या तेलातली होती तशी निघाली. गिअरच्या तेलातली काळी. चार वेळा करून बघितलं, चारही वेळा तेच. तिथे मजुरांच्या वस्तीत डंपर असेलच उभा. मुकादमाला सांगून डंपरच्या एक्सलमधून पाव लिटर काढून ठेव, तार बुडव आणि बघ. तीन तास जातात. तुला तसाही पाय वर करून बसायचंच आहे.

काल पट्टी सुटली. डॉक्टरने तीन बोटं धरली, दाजींनी तीन सांगितली. डॉक्टर खूश झाला. मला काही पटलं नाही, तीन बोटं कोणीही अंदाजाने सांगेल. मी खिशातून दोन तारा काढून त्यांच्यापुढे धरल्या आणि म्हटलं, काळी कुठली? त्यांनी तारा माझ्या हातातून घेतल्या, खिडकीकडे वळले, घड्याळातला काटा बघतात तशा डोळ्याजवळ नेल्या. इतका वेळ लावला की माझा जीव टांगणीला लागला. मग माझा तळहात ओढून त्यांनी लिहिलं, 'डावी. टोकाला अर्धा इंच लाल आहे. नीट बुडवली नाहीस.'

बघितलं तर खरंच होतं. मी घरी येऊन पुन्हा बुडवली. दोन्ही तारा पाकिटात घातल्या आहेत.

तुझा मामा